काजाएवढी वाट

१८८९च्या ऑक्टोबरात लंडनचे एक नामांकित डॉक्टर निजामाच्या हैदराबादेत दाखल झाले. टॉमस लॉडर ब्रंटन त्यांचे नाव. क्लोरोफॉर्म देताना रोगी दगावतो तेव्हा आधी श्वास थांबतो की आधी हृदय, या प्रश्नावर त्या काळी वैद्यकात दोन तट पडले होते. हैदराबाद रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या बाजूचे, आणि मताला कमालीचे चिकट. १८८८ मध्ये त्यांनी एक आयोग बसवला आणि आपल्या मताला साजेसा निष्कर्ष पदरात पाडून घेतला. 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका काढली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड पुढे केले : तुमचाच माणूस पाठवा आणि खात्री करून घ्या. ब्रंटन आले ते असे. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे मिळून चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले आणि हृदय निर्दोष सुटले. क्लोरोफॉर्म श्वास अडवून मारते, हृदयाला थेट धक्का लावत नाही, असा निवाडा मोठ्या विश्वासाने जाहीर झाला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या गुंगीतसुद्धा क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते. चारशे जनावरे मोजली, पण पाहायची जागा चुकली.

हिंगोली तेव्हा याच निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात होती : हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी आणि कापसाची पेठ. ब्रंटनना या गावाशी काही देणेघेणे नव्हते. पण मायदेशी परतल्यावर बारा वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९०२च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक छोटे टिपण छापले, आणि ते हिंगोलीतल्या कित्येक घरांशी संबंधित होते. हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदली झडप, जिला डॉक्टर मायट्रल म्हणतात, ती आकसून बसली तर सुरीने मोकळी करता येईल, प्रेतांवर आणि जनावरांवर आपण तसे करून पाहिले आहे, असे त्यात म्हटले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर तो चिंचोळा चिकटलेला फटीसारखा मार्ग पाहताना, जिवंतपणी हे एवढेसे कापता आले असते तर, असा विचार त्यांना छळत होता. टिपणाचे स्वागत कसे झाले? 'लॅन्सेट'नेच अग्रलेखातून कान उपटले. जिवंत माणसावर एकदाही न केलेली शस्त्रक्रिया सुचवायची म्हणजे काय, असा एकूण सूर होता. ब्रंटन गप्प बसले आणि कल्पना वीसेक वर्षे तशीच पडून राहिली. झडपेच्या आजाराचा इतिहास पुस्तकांतून सांगितला जातो तो शल्यवैद्यांच्या धाडसाचा, आणि धाडस खरेच होते. पण हिंगोलीकडून पाहिले की त्याच इतिहासाचा दुसरा आकार दिसू लागतो. हा आजार जिथे राहतो तिथे पाहायला कोणी गेले नाही, आणि जिथे पाहिले तिथल्या आकड्यांवरून तो कधी 'महत्त्वाचा नाही', कधी 'इथला नाही', तर कधी 'आता राहिला नाही' असे ठरवले गेले. या चुकीची किंमत कोणी भरली, हे पाहायचे तर आधी झडप म्हणजे काय हे नीट पाहावे लागेल.

हृदयात चार झडपा असतात आणि दिवसभरात त्या लाखभर वेळा उघडमीट करतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. निरोगी मायट्रल झडप उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटरचा रस्ता मोकळा होतो, दोन बोटे सहज जातील एवढा. आजारात तिच्या दोन पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, त्यांना ओढून धरणारे दोरे जाड आणि आखूड होतात, आणि रस्ता सदऱ्याच्या काजाएवढा उरतो. मग रक्त मागे फुफ्फुसात तुंबते. बाई पाण्याची घागर उचलून चार पावले गेली की तिला धाप लागते, रात्री उताणे झोपवत नाही, भिंतीला टेकून बसावे लागते, कधी थुंकीतून रक्त पडते. तुंबलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर तिशीतच अर्धांग. झडप आकसण्याऐवजी गळू लागली तर रक्त उलटे फिरते आणि हृदय पसरत जाते. जन्मानंतर झडप बिघडण्याची कारणे अनेक आहेत. म्हातारपणी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचते, रक्तातल्या जंतूंनी झडप कुरतडली जाते, हृदयविकाराच्या झटक्यात तिचा आधार निकामी होतो, काहींच्या पाकळ्या मुळातच सैल असतात, आणि पेनिसिलिनच्या आधीच्या काळात उपदंशाने महाधमनी रुंदावून तिची झडप गळत असे. पण आपल्याकडे विशी-तिशीतल्या माणसाची झडप आकसलेली निघाली, तर पहिला संशय लहानपणीच्या घशावर जातो.

गोष्ट खरोखर घशापासून सुरू होते. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या एका जंतूने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा धरतो. चारसहा दिवसांत तो बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा धरतो, मग कोपर. जंतूशी लढायला शरीराने जी शस्त्रे उगारलेली असतात ती आता आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर चालत असतात, कारण जंतूच्या अंगावरचे एक प्रथिन आणि हृदयाच्या काही ऊती यांच्यात साम्य आहे. सांधे पूर्ण बरे होतात. घरचे म्हणतात, वाताचे होते, वाढीचे दुखणे होते, खेळताना पडला असेल. झडपेवर मात्र जखम राहिलेली असते आणि पुढचा प्रत्येक घसा ती जखम उकरतो. पाच, दहा, पंधरा वर्षांनी धाप लागते तेव्हा त्या गुडघ्याची कोणाला आठवणही नसते. माधवनिदानात आमवाताच्या लक्षणांत सांध्यांच्या सुजेबरोबर हृद्ग्रहही येतो. तो हाच रोग, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण आमवाताच्या कक्षेत सांध्यांची बरीच दुखणी येतात. पण सांधे आणि छाती यांची जोडी आपल्या वैद्यांच्या नजरेतून निसटली नव्हती, एवढे नक्की.

आता 'महत्त्वाचा नाही' या पहिल्या निवाड्याकडे येऊ. ६ मे १९२५ रोजी लंडन हॉस्पिटलमध्ये हेन्री सूटर यांनी एका तरुण मुलीच्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या टोकाला छेद दिला, त्यातून तर्जनी आत घातली आणि बोटाने झडप चाचपून मोकळी केली. मुलगी वाचली, घरी गेली, पुढे काही वर्षे जगली. एवढे होऊनही सूटर यांच्याकडे दुसरा रोगी आलाच नाही. का? कारण ब्रिटिश हृदयवैद्यकावर तेव्हा जेम्स मॅकेंझी यांच्या मताचा पगडा होता : हृदय थकते ते स्नायूमुळे, झडपेचे अरुंद होणे दुय्यम. स्नायूच नादुरुस्त असेल तर झडप कापून काय उपयोग, म्हणून फिजिशियन मंडळींनी रोगी सर्जनकडे पाठवलेच नाहीत. बॉस्टनला एलियट कटलर यांनी १९२३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीवर सुरीने शस्त्रक्रिया करून पाहिली होती आणि तीही वाचली, पण पुढचे रोगी एकापाठोपाठ एक गेले आणि त्यांनी काम थांबवले. मधली वीसेक वर्षे रिकामी गेली. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया लावल्या, कारण आधीचे रोगी दगावल्याने एका ठिकाणी बंदी आली तर दुसरीकडे करता यावी. सकाळचा रोगी गेला, दुपारची बाई जगली. सहा दिवसांनी बॉस्टनला ड्वाइट हार्केन यांना यश आले, सप्टेंबरात लंडनला रसेल ब्रॉक यांना. त्याच सप्टेंबरच्या १७ तारखेला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि हिंगोलीवरचे निजामाचे राज्य संपले. ब्रंटन १९१६ मध्येच वारले होते.

दुसरा निवाडा आपल्याला जास्त जवळचा आहे. सर लिओनार्ड रॉजर्स हे कलकत्त्याचे मोठे संशोधक. कॉलऱ्यावर शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत बसवणारे तेच. १९१०च्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या शवविच्छेदनांची दप्तरे चाळून सांगितले की संधिवाताच्या तापाने, म्हणजे घशामागून येणाऱ्या त्याच तापाने, झालेला हृदयरोग इथे अगदी विरळा. वीस वर्षांनी, १९३० मध्ये, जे. टर्शियस क्लार्क यांनी याच मताला जगाच्या नकाशाचे रूप दिले : हा थंड आणि दमट हवेचा रोग, उष्ण कटिबंधात तो नाही. गंमत अशी की त्याच वर्षी लाहोरहून ह्यूज आणि युसूफ यांनी पंजाबातल्या हृदयरोग्यांत तो दाखवून दिला आणि काही वर्षांत मद्रास इलाख्यातून कुटुंबय्यांनी तो मुलांतही दाखवला. रॉजर्स खोटे लिहीत नव्हते. त्यांनी पाहिलेली दप्तरे खरी होती. पण शहरातल्या मोठ्या इस्पितळात कोण मरते, आणि त्यातून कोणाचे प्रेत विच्छेदनाला येते? कॉलरा, हिवताप, प्लेग, क्षय यांनी मेलेला प्रौढ. खेड्यात भिंतीला टेकून मेलेली बाळंतीण त्या दप्तरात येत नाही. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी रुग्णालयातल्या हृदयरोग्यांची पाहणी केली तेव्हा याच रोगाचा वाटा मोठा निघाला. १९६३ मध्ये सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्येच भारतातल्या वीस वर्षांखालच्या मुलांच्या आकसलेल्या झडपांवर लेख लिहिला, तो या वादावरचा शेवटचा शब्द मानायला हरकत नाही. युरोपात झडप एवढी आकसायला पंधरावीस वर्षे लागत. इथे मूल मिसरूड फुटण्याआधीच त्या टप्प्यावर पोचत होते. म्हणजे जो रोग इथे नाही असे म्हटले गेले, तो इथे जास्त लवकर आणि जास्त कठोरपणे येत होता.

तो कुठे राहतो याचे उत्तर मात्र एका छावणीतून आले. अमेरिकेत वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन तळावर नव्या भरतीच्या सैनिकांत घशाच्या साथी येत. डेनी, वॅनामेकर आणि रॅमेलकँप यांनी तिथे साधारण आठशे-आठशेच्या दोन गटांची तुलना केली. घसा धरल्यावर पेनिसिलिन दिलेल्यांत संधिवाताचा ताप दोघांना आला, न दिलेल्यांत सतरा जणांना. हे १९५०चे. त्याच तळावर आणखी एक गोष्ट दिसली : बराकीत खाटा जितक्या जवळ, तितका घशाचा संसर्ग जास्त. थंडी, ओल, उष्ण कटिबंध या गोष्टी मागे पडल्या आणि दोन उशांमधले अंतर पुढे आले. हे कळले की नकाशा उलटा वाचता येतो. एका खोलीत सहा माणसे, थंडीत एका गोधडीत तीन मुले, ऊसतोडीच्या फडावरची पालाची कोपी, वसतिगृहाच्या हॉलमध्ये ओळीने घातलेल्या गाद्या. हिंगोली जिल्ह्यात २०११च्या जनगणनेला पावणेबारा लाखांच्या आसपास लोक होते आणि शंभरातले जवळपास पंच्याऐंशी खेड्यांत. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या आश्रमशाळांत मुले वर्षाचा मोठा भाग एकत्र झोपतात, जेवतात. फोर्ट वॉरनची बराक आणि आश्रमशाळेचा हॉल यांच्यात या जंतूच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

औषध सापडले होते, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातच होता. पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. याच सुमारास बेंझाथिन पेनिसिलिन आले होते, जे स्नायूत टोचले की तीन-चार आठवडे थोडे थोडे रक्तात उतरत राहते. ज्या मुलाला संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला त्याला हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षे द्यायचे, म्हणजे पुढचा घसा धरणार नाही आणि झडपेची जखम उकरली जाणार नाही. एवढा साधा उपाय. त्याच्याकडे जवळून पाहिले की मात्र तो साधा राहत नाही. बाटलीत तळाशी पांढरी भुकटी असते. त्यात पाणी सोडून हलवले की चुन्याच्या निवळीऐवजी चुन्याच्या लगद्यासारखे दाट, दुधी द्रावण होते. बारीक सुईत ते अडकते, म्हणून जाड सुई लागते. वेळ लावला तर सुईतच बसते, घाई केली तर मूल किंचाळते. कमरेखाली खोल टोचलेली ती गाठ दोन दिवस दुखते, मूल लंगडत शाळेत जाते. आणि हे सगळे अशा मुलाला, ज्याला आज काहीच होत नाही! आजारी माणसाला सुई टोचून घ्यायला सांगणे सोपे आहे. धावत्या-खेळत्या पोराला दर २१ दिवसांनी घेऊन या, असे शेतमजूर आईला पटवणे अवघड आहे, आणि तिचा एक दिवसाचा रोज बुडतो हे धरले तर आणखी अवघड. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेले आणि एप्रिलात परतले, तर मधल्या काळात सातआठ इंजेक्शने चुकतात. कार्ड इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मूल तिकडे फडावर.

याउलट शस्त्रक्रियेचा इतिहास दिमाखाचा आहे आणि मुंबईचे नाव त्यात मानाने येते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन पन्नाशीच्या दशकात झडपा मोकळ्या करत होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी तिथेच देशातले पहिले हृदयरोपण केले, पहिल्या जागतिक रोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत. बिघडलेली झडप काढून कृत्रिम बसवणे ऑरेगॉनमध्ये अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी १९६० मध्ये साधले होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने स्वदेशी झडप बनवली आणि ती ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रोग्याच्या हृदयात बसली. जपानच्या कांजी इनोए यांनी १९८२ मध्ये मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली, छाती न फाडता. सूटर यांच्या बोटाचे काम आता फुगा करू लागला. हिंगोलीचे या काळातले टप्पे वेगळे आहेत. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. मोफत शस्त्रक्रियेची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. ती राज्यभर, आणि म्हणून हिंगोलीत, आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. हिंगोलीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले ९ ऑक्टोबर २०२४ रोजी. परळला हृदय बदलले त्यानंतर छप्पन वर्षांनी.

शस्त्रक्रिया फुकट मिळू लागली, आता तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार नाही. योजनेमुळे जे शेकडो कोस दूर होते ते हाताशी आले, आणि ज्यांची झडप गेलीच आहे त्यांना दुसरा मार्ग नाही. पण धातूची झडप बसली की आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. म्हणून ठराविक दिवसांनी रक्ताची आयएनआर तपासणी, आणि मेथी-पालकाच्या दिवसांत आकडा वरखाली. महागड्या नव्या गोळ्यांनी हा जाच सुटेल अशी आशा होती. २०२२च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत संधिवाताच्या हृदयरोग्यांना जुनीच गोळी जास्त तारक ठरली. ज्यांना ही झडप लागते त्यांत तरुण बायका पुष्कळ, आणि ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते. म्हणजे शस्त्रक्रिया एक आजार मिटवून दुसऱ्या पथ्याला माणसाला जुंपते, आणि तेही पथ्य महिन्यामहिन्याचे, नोंदवहीचे, जवळच्या दवाखान्याचे असते. ज्या आरोग्य केंद्रात २१ दिवसांचे इंजेक्शन चुकते, तिथे रक्ताची तपासणी वेळेवर होईल असे मानायला आधार काय?

यापेक्षा वजनदार आक्षेप इतिहासातूनच येतो. युरोपात संधिवाताचा ताप पेनिसिलिनच्या आधीपासूनच ओसरत होता. घरे मोठी झाली, माणशी खाटा वाढल्या, मुले वेगळी झोपू लागली. मग इंजेक्शनचा एवढा जप कशाला, घरे बांधा. हे म्हणणे बरोबर आहे आणि त्याला उत्तर देताना सावध राहायला हवे. पहिला घसा टाळायचा तर घरच हवे, सुईने ते होणार नाही. पण ज्या मुलाच्या झडपेला जखम झाली आहे त्याला घरकुलाच्या यादीत नाव लागेपर्यंत थांबता येत नाही. युगांडात सोनोग्राफीत झडपेवर सुरुवातीचा बिघाड दिसलेल्या ८१८ मुलांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आला. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांत शंभरात एकाहून कमी मुलांचा आजार पुढे सरकला, न घेणाऱ्यांत आठ जणांचा. घर आणि सुई ही एकाच रोगाची दोन वेगवेगळ्या वयांतली औषधे आहेत. पेनिसिलिनच्या रिअॅक्शनची भीती हा त्यातला अडसर खरा, आणि ती भीती पोकळ नाही. पण अकरा देशांत १७९० रोग्यांना दिलेल्या ३२ हजारांवर इंजेक्शनांत जिवावर बेतणारी रिअॅक्शन चारदा आली आणि एक रोगी दगावला. झडप फार खराब झालेल्या रोग्यांत तर सुईच्या धक्क्याने थकलेले हृदयच कोसळते आणि दोष औषधाला जातो, असे आता हृदयतज्ज्ञ मानतात. तशांना गोळ्या द्याव्यात. बाकीच्यांना भीतीपोटी इंजेक्शन नाकारणे हा मात्र सरळ तोट्याचा सौदा आहे.

'आता राहिला नाही' हा तिसरा निवाडा सध्या ऐकू येतो. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत म्हाताऱ्यांच्या कॅल्शियम धरलेल्या झडपा वाढल्या आहेत, परिषदांत चर्चा मांडीतून नवी झडप नेऊन बसवण्याची, आणि संधिवाताचा हृदयरोग हे जुने प्रकरण. शहरात तो कमी झाला असेल, नव्हे झालाच आहे. पण २०१५ सालच्या जागतिक अंदाजात या रोगाचे ३ कोटी ३४ लाख रोगी आणि ३ लाख १९ हजार मृत्यू होते, त्यांतले सुमारे १ लाख १९ हजार मृत्यू एकट्या भारतात. दिल्लीजवळच्या बल्लभगडला डॉ. अनिता सक्सेना यांच्या पथकाने ६२७० शाळकरी मुले तपासली. स्टेथोस्कोपने हजारात एकही पुरते निघाले नाही, ०.८ हा आकडा. सोनोग्राफी लावली तेव्हा हजारात २०.४. तीच मुले, तीच शाळा, पाहण्याचे साधन बदलले आणि आकडा पंचवीस पटींनी वाढला. रॉजर्स यांच्या दप्तरांची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली, या वेळी निदान कोणीतरी पाहायला शाळेत गेले म्हणून ती कळली. दरम्यान, पेनिसिलिनचा कच्चा माल देशात बनणे बंद पडले आणि तो चीनमधून येऊ लागला, पिंपरीच्या कारखान्याची रया गेली. स्वस्त इंजेक्शन बनवण्यात कोणाला नफा दिसेना आणि बेंझाथिनचा तुटवडा ही दवाखान्यांची नेहमीची रड झाली. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याला पेनिसिलिनचे उत्पादन पुन्हा सुरू झाले आहे. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगावर स्वतंत्र ठराव केला, तेव्हा ब्रंटन यांच्या टिपणाला ११६ वर्षे झाली होती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यात शाळेत शोधायच्या आजारांच्या यादीत संधिवाताच्या हृदयरोगाचे नाव आहे. हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतली मुले, हिंगोलीची, औंढ्याची, सेनगावची, कळमनुरीची, वसमतची, त्या यादीत येतात. शाळेत तपासणीचे पथक वर्षातून एकदा येते. सापडलेल्या मुलाला इंजेक्शन वर्षातून सतरा वेळा लागते.